कोवळ्या शिंगांचा प्रश्न

पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा हरणांच्या नावाने राखून ठेवलेला असतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी रायफलचा हंगाम उघडायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असायची. २०१९पासून हंगामाचा पहिला दिवस शनिवारवर आला, तरी पुष्कळ शाळांनी सोमवारची सुट्टी मोडलेली नाही. पहाटे पेट्रोल पंपावर केशरी जाकिटे घातलेल्या माणसांची कॉफीसाठी रांग लागते, आणि संध्याकाळी तीच माणसे एकमेकांच्या पिकअपच्या हौद्यात डोकावून कुणाच्या सावजाच्या शिंगांना किती फाटे आहेत हे मोजत असतात. इथल्याच माणसांकडून मी शिकार शिकलो, त्याला आता बराच काळ लोटला आहे, आणि दर हंगामात एक वाद हमखास कानावर पडतो: आयुष्यातली पहिलीच शिंगे मिरवणारा दीड वर्षाचा नर समोर आला, तर त्याच्यावर बार टाकावा की त्याला जाऊ द्यावे?

हा वाद घालणारी माणसे नीतीच्या भाषेत बोलतात. ज्याने नर सोडला त्याने संयम दाखवला, ज्याने मारला तो अधाशी, असा निकाल लगेच लागतो. मला हा निकाल मान्य नाही. कोवळ्या नरांना वाव द्यावा असे मला स्वतःला वाटते आणि मी तसे वागतोही, पण त्यामागची कारणे हिशेबाची आहेत, करुणेची नाहीत; आणि हिशेबाला करुणेचे नाव दिले की ज्या ठिकाणी खरोखर नीतीचा प्रश्न उभा राहतो तिथे आपले लक्ष जात नाही.

ही गोष्ट मला सर्वांत सरळ शब्दांत सांगितली ती भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या काकांनी. त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, पण त्यांचे शेत जंगलाला लागून आहे, त्यामुळे रानडुकरे आणि चितळ यांच्याशी त्यांचा संबंध माझ्यापेक्षा फार जुना आणि जवळचा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या काळात शेती केलेल्या माणसाला शिकार हा शब्दच मुळात खटकतो. फोनवर त्यांनी विचारले, "अरे, तिकडे पिल्लंसुद्धा मारता की काय तुम्ही?" मी समजावले, की काका, इथे लांडगे आणि पहाडी सिंह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच संपले, तुमच्याकडे वाघ जे काम करतो ते इथे माणसाला करावे लागते, आणि चांगले शिकारी लहान नराला सोडून देतात, मोठा झाल्यावरच मारतात. काका क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे मारायचा तर आहेच. फक्त शिंगं मोठी झाल्यावर. मग यात दया कुठली रे?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही प्रामाणिक उत्तर हेच आहे की यात दया नाही.

मग काय आहे, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९००च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांपेक्षाही कमी उरली होती असा अंदाज आहे; बाजारात मांस आणि कातडे विकण्यासाठी केलेल्या बेसुमार कत्तलीने ती संपत आली होती. पेनसिल्व्हेनियात १८९५ साली गेम कमिशन, म्हणजे शिकारीचा आणि वन्यप्राण्यांचा कारभार पाहणारे सरकारी खाते, स्थापन झाले, पुढे बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडण्यात आली, आणि १९०७ साली मादी मारण्यावर बंदी घालून फक्त शिंगवाल्या नरांची शिकार खुली ठेवण्यात आली. त्या काळापुरता तो शहाणपणाचा नियम होता. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या राखल्या की कळप वाढतो. कळप वाढले, इतके वाढले की आज देशभरात तीन कोटींच्या आसपास हरणे असावीत. पण नियमाचा हेतू संपला तरी त्यातून घडलेली सवय संपली नाही. "नर मारा, मादी सोडा" हे आजोबांकडून नातवाकडे जाणारे संस्कारवाक्य होऊन बसले, आणि मादीवर गोळी झाडणे म्हणजे बायकामुलांवर हात उचलण्यासारखे पाप मानणारे म्हातारे शिकारी मी स्वतः पाहिले आहेत.

त्याचा परिणाम दोन बाजूंनी झाला. माद्या अतोनात वाढल्याने जंगलाचा खालचा थर खाऊन संपला. राज्याच्या उत्तरेकडच्या अलेघेनी भागात काही ठिकाणी हरणांना आत येता येणार नाही असे उंच कुंपण घालून जंगलाचे तुकडे राखले आहेत. त्या कुंपणाला हात लावून उभे राहिले की जे दिसते ते कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट आहे. आत ट्रिलियमची फुले, गुडघ्याएवढी झुडपे, ओकची आणि मेपलची रोपे; बाहेर, त्याच मातीत आणि त्याच सावलीत, हरणांना न आवडणाऱ्या नेच्याचा एकसुरी हिरवा गालिचा आणि त्यात एकही ओकचे रोप नाही. दुसऱ्या बाजूला, शिकार फक्त नरांची होत असल्याने नर जगतच नव्हते. हंगामात मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या नरांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास दीड वर्षाचे असत. म्हणजे पहिली शिंगे फुटली की त्याच हिवाळ्यात मरण, हाच नर हरणाचा सर्वसाधारण जीवनक्रम होता.

हे बदलण्याचे काम डॉ. गॅरी ऑल्ट या जीवशास्त्रज्ञाकडे आले. अस्वलांवरच्या कामामुळे राज्यभर लोकप्रिय असलेल्या या माणसाने गावोगावी सभा घेऊन शिकाऱ्यांना सांगितले, की माद्या जास्त मारा आणि कोवळे नर सोडा. २००२ सालापासून राज्याच्या बहुतेक भागात शिंगाला एका बाजूला किमान तीन फाटे, आणि पश्चिमेकडे चार, असल्याखेरीज नर मारण्यास बंदी आली. त्यांना धमक्या आल्या, आणि २००४च्या अखेरीस त्यांनी ते काम सोडले. नियम मात्र टिकला आणि आज मारल्या जाणाऱ्या नरांत निम्म्याहून बरेच अधिक नर अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. माझ्या पाहण्यातली एक विचित्र गोष्ट अशी, की डॉ. ऑल्ट यांच्या सांगण्यातला नरांचा अर्धा भाग लोकांनी मनापासून स्वीकारला, कारण त्यात मोठ्या शिंगांचे आश्वासन होते, आणि माद्यांच्या अर्ध्या भागाविरुद्ध पुष्कळजण आजही कुरकुरतात. ज्या माणसाने हंगामात सलग लहान नर सोडले पण मादीचा परवाना घेतलाच नाही, त्याचे जंगलावर काहीही उपकार नाहीत. त्याने स्वतःच्या पुढच्या वर्षाची तजवीज केली, इतकेच. तसे करण्यात वाईट काही नाही, परंतु त्याला संयमाचे तेज चढवून दुसऱ्याला लाजवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

मोठे नर कळपात असावेत यामागे भक्कम कारणे आहेत. सर्व वयांचे नर असले की माजाचा काळ आटोपशीर राहतो आणि पाडसे एकाच सुमारास, मे अखेर आणि जूनमध्ये जन्मतात, हा त्यामागचा तर्क आहे. पण इथेही चित्र सांगितले जाते तितके सोपे नाही. पाडसांच्या पितृत्वाचा जनुकीय अभ्यास झाला तेव्हा असे दिसले, की भरपूर प्रौढ नर असलेल्या कळपातसुद्धा दीड-अडीच वर्षांचे नर मिळून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या पाडसांचे बाप असतात. कोवळा नर हा भविष्यातला कुणीतरी नाही. तो आजच्या कळपातला कर्ता घटक आहे. आणि तो फिरतो. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, आई नव्या पाडसाला जन्म देण्यासाठी त्याला हुसकावून लावते तेव्हा, किंवा नंतर शरद ऋतूत, दीड वर्षांपर्यंतच्या नरांपैकी निम्म्याहून अधिक नर जन्मस्थान सोडून काही मैल दूर जाऊन वस्ती करतात. आपल्या वावरात पाहिलेला आणि "सोडलेला" नर पुढच्या वर्षी आपल्याच मचाणाखाली येईल हा हिशेबही त्यामुळे बऱ्याचदा चुकतो.

फाट्यांच्या नियमाचीही एक उणी बाजू आहे, ती मान्य केली पाहिजे. फाटे म्हणजे वय नव्हे. दीड वर्षाच्या बहुतेक नरांना एका बाजूला तीन फाटे नसतात म्हणून नियम चालतो, पण मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांजवळ वाढलेला, वेळेवर जन्मलेला नर दीड वर्षाचा असतानाच तीन किंवा चार फाट्यांचा होतो आणि कायद्याने मारण्यास पात्र ठरतो, तर डोंगरातल्या उपासमारीत वाढलेला त्याचा समवयस्क नुसत्या दोन सुळ्यांवर, म्हणजे फाटा नसलेल्या सरळ शिंगांवर, असतो आणि वाचतो. शिंगांची पहिली जोडी जन्माची वेळ, आईची प्रकृती आणि पोटात काय गेले यांवर इतकी अवलंबून असते, की तिच्यावरून प्राण्याची जात पारखता येत नाही. तरीही "एकदा सुळ्या तो कायमचा सुळ्या, त्याला मारून रक्त सुधारा" असे सांगणारे लोक भेटतात. हा समज मुख्यतः टेक्सासमधून आला, आणि दक्षिण टेक्सासमधल्याच मोठ्या खासगी रानांत वर्षानुवर्षे निवडून नर मारून पाहिल्यावर मोकळ्या कळपाच्या शिंगांत त्याने फरक पडत नाही हेही तिथेच दिसून आले. जनावराला "नासका वंश" म्हणून मारणे मला फार हलके वाटते; त्यात ना पोटाची गरज आहे, ना रानाची. (टेक्सासचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: तिथल्या रानांत १९३०च्या दशकात नेऊन सोडलेले आपले चितळ आज हजारोंच्या संख्येने आहेत, आणि त्यांना ठरावीक माजाचा ऋतू नसल्याने कुणाच्या शिंगांवर मखमल असते तर कुणाची शिंगे नुकतीच गळलेली असतात. शिंगांवरून वय सांगण्याची हौस तिथे पार फसते.)

वय सांगतात ते दात. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गेम कमिशनची माणसे हरणे कापून देणाऱ्या दुकानांत जाऊन मारलेल्या हरणांचे जबडे तपासतात. आमच्या भागातल्या अशाच एका दुकानामागच्या शेडमध्ये मी हे काम जवळून पाहिले आहे. थंडीने ताठरलेली डोकी एका ओळीत मांडलेली. तपासनीस गालातून जबडा फाकवण्याचे साधन सरकवतो, डोक्यावरच्या दिव्याचा झोत आत टाकतो आणि खालच्या जबड्यातली तिसरी दाढ पाहतो. त्या दाढेला तीन शिखरे असतील आणि ती झिजून सैल झाली असेल तर हरीण दीड वर्षाचे. दुधाची दाढ पडून तिच्या जागी दोन शिखरांची पक्की, पांढरीशुभ्र दाढ आली असेल तर अडीच वर्षांचे किंवा मोठे. सहाऐवजी चार-पाचच दाढा असतील तर ते त्याच वर्षीचे पाडस. ज्याला मालक आदल्या रात्रीपासून "तीन-साडेतीन वर्षांचा बुढ्ढा" म्हणत होता, त्याच्या तोंडातून तीन शिखरांची दाढ निघाली की माणसाचा चेहरा कसा होतो, ते तिथे पाहायला मिळते.

त्याच शेडमध्ये तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आपले पहिले हरीण घेऊन आला होता. बोटभर लांबीचे दोन सुळे असलेला नर. ज्युनिअर परवाना असलेल्या मुलांना फाट्यांच्या नियमातून सूट असल्याने शिकार पूर्ण कायदेशीर होती. गोळी खांद्याच्या मागे अचूक बसलेली होती, पोट स्वच्छ साफ केलेले होते, आतल्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या भरलेल्या होत्या, टॅग नीट भरून कानाला बांधलेला होता. यातले प्रत्येक काम त्या वयाच्या मुलाने करणे कौतुकाचे आहे. रांगेतला एक मोठा माणूस मात्र म्हणाला, "याला अजून दोन वर्षं जगू दिलं असतंस तर काय छान झाला असता." मुलाने हरणाच्या डोक्यावर टोपी टाकून सुळे झाकले. मला त्या मोठ्या माणसाचा राग आला आणि अजूनही येतो. एका कोवळ्या जिवाचे मरण त्याला खुपले नव्हते. भिंतीवर न लागलेले शिंगांचे जोडपे त्याला खुपले होते, आणि ती स्वतःची हळहळ त्याने मुलाच्या पदरात अपराध म्हणून टाकली.

कोवळे जनावर मारणे मुळातच लाजिरवाणे असते, तर ती लाज सगळीकडे सारखी दिसली असती. जर्मनीत उलट चित्र आहे. तिथली शिकारीची शिस्त सांगते की जुन्याआधी तरुण मारा आणि आईआधी पिल्लू मारा. निसर्गात मरण सर्वांत जास्त पिल्लांच्या आणि वर्षभराच्या जनावरांच्या वाट्याला येते, म्हणून माणसाने केलेल्या कापणीचाही मोठा भाग त्याच वयोगटातून यावा, असा त्यामागचा विचार आहे. आणि पिल्लाला वाढवत असलेली आई मारणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे, कारण पोरके पिल्लू हालहाल होऊन मरते. तिथल्या शिकाऱ्याच्या लेखी दीड वर्षाचा सुळ्या हे मारायचे रास्त जनावर आहे आणि उमेदीतला बहारदार नर हे राखायचे. आमच्याकडेही जन्मलेल्या पाडसांपैकी निम्म्याच्या आसपास पाडसे पहिल्याच वर्षात अस्वले, कोयोट, उपासमार आणि मोटारींना बळी पडतात; रानाने ज्या वयावर सर्वाधिक कर लावला आहे त्याच वयाला माणसाने हात लावू नये, असा निसर्गाचा काही दंडक नाही. दोन्ही पद्धतींमध्ये मला जर्मन पद्धत अधिक निर्मळ वाटते, कारण तिच्यात शिंगांचा मोह नियमाच्या आड लपत नाही. अमेरिकेत ती जशीच्या तशी चालणार नाही, कारण इथे सार्वजनिक रानात कोणीही परवानाधारक जाऊ शकतो आणि प्रत्येक रानाला जबाबदार असा एक शिकारी नेमलेला नसतो.

माझ्या दृष्टीने खरा नीतीचा प्रश्न दुसऱ्याच जनावरापाशी उभा राहतो. त्याला इथे बटन बक म्हणतात: सहा महिन्यांचा नर, ज्याच्या कपाळाच्या वर केसांखाली सुपारीएवढ्या दोन गाठी असतात आणि दिसण्यात तो मादीच असतो. तो मादीच्या परवान्यावर मारला जातो. त्याला मारणे बेकायदेशीर नाही आणि कळपाच्या दृष्टीने फार मोठी हानीही नाही. पण तो जवळजवळ नेहमीच न ओळखता मारला जातो, आणि आपण काय मारतो आहोत हे माहीत नसताना चाप ओढणे याला माझ्याकडे क्षमा नाही. हातात दुर्बीण असलेल्या माणसाला त्याला ओळखणे अशक्य नसते. पाडसाचे तोंड आखूड, मान बारकी आणि अंग चौकोनी असते, तर मोठी मादी लांबोडी आणि लांब तोंडाची दिसते. नर पाडसाचे कपाळ डोळ्यांच्या वर चपटे असते, मादीचे दोन कानांच्या मध्ये गोलसर. नर पाडस धीट असल्याने बऱ्याचदा मोकळ्या जागेत सर्वांच्या आधी आणि एकटेच येते, आणि त्याच्यासोबत तुलनेला दुसरे हरीण नसल्यानेच ते मोठे भासते. म्हणून एकट्या आलेल्या, शिंगे नसलेल्या हरणावर मी बार टाकत नाही. आणखी हरणे येईपर्यंत थांबतो, अंधार पडला तर रिकाम्या हाताने उतरतो. जो शिकारी चार फाट्यांच्या नराला सोडल्याचा फोटो दाखवतो पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात "असेल मादी" म्हणून गोळी झाडतो, त्याचा संयम नेमक्या जागी सुटलेला असतो.

पाडस ओळखूनही कुणी मांसासाठी मारले, तर मी त्याला बोल लावत नाही. घरातल्या फ्रीजरसाठी शिकार करणारी कुटुंबे इथे आहेत, आणि ज्याला शिंगवाल्या नराचा वर्षाला एकच परवाना आहे त्याने तो कशावर खर्च करावा हा त्याचा प्रश्न आहे. हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट या संस्थेमार्फत १९९१पासून या राज्यातले शिकारी गरजू कुटुंबांसाठी हरणाचे मांस देत आले आहेत. त्या मांसाला कुणी फाटे विचारत नाही.

आता तर या साऱ्या हिशेबाखालची जमीनच सरकते आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होणारा, मेंदू पोखरणारा रोग १९६७ साली कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत प्रथम दिसला आणि २०१२ साली पेनसिल्व्हेनियात पोहोचला. त्यावर उपाय नाही, लस नाही, आणि रोगी हरणाच्या लाळेतून व विष्ठेतून मातीत उतरलेला दोष वर्षानुवर्षे तिथेच राहतो. हा रोग प्रौढ नरांत सर्वांत जास्त आढळतो, आणि घर सोडून मैलोगणती जाणारे कोवळे नर तो नव्या खोऱ्यांत नेऊ शकतात. म्हणजे ज्यांना जगवण्यासाठी वीस वर्षे नियम केले, त्या दोन्ही वयांच्या नरांकडे आता रोगाचे वाहक म्हणून पाहावे लागते आहे. मिसुरी राज्याने रोगग्रस्त भागांतल्या तालुक्यांत फाट्यांचे बंधन उठवले, ते याच कारणाने. ज्यांनी लहान नर सोडण्याला पुण्याचा दर्जा दिला होता त्यांना हे पचवणे जड जाते, कारण हिशेब बदलता येतो पण पुण्य बदलता येत नाही.

माझ्यापुरते मी ठरवून टाकले आहे. रोग नसलेल्या रानात मी आधी मादीचा परवाना वापरीन आणि दीड वर्षाचा नर फाट्यांच्या नियमात बसत असला तरी, फ्रीजर भरलेला असेल तर, जाऊ देईन. रोगाच्या पट्ट्यात, जिथे कायदा मुभा देईल तिथे, समोर आलेला कोवळा नर मी मारीन, डोके तपासणीच्या पेटीत टाकीन आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळे ठेवीन. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हां, हे पटतं. पण मग त्याला दया म्हणू नकोस." मी म्हणत नाही.